आमचा खो-खोचा सराव

शाळा सुटली की गुरुजी आमचा खो-खोचा सराव घेतात. दोन खांबांच्या मध्ये ८ जण रांगेत बसतात. नववा पळणाऱ्यांना पकडतो. पळायला तिघे-तिघे आत येतात.

गुरुजी नुसते पळायला सांगत नाहीत, चढाओढ लावतात. वर्गाच्या दोन तुकड्या करतात. जी तुकडी हरेल तिने मैदानावर पाणी मारायचे. मग काय, सगळे जीव तोडून पळतात!

मी हळू पळते, म्हणून मला कुणी आपल्या तुकडीत घेईना. गुरुजी म्हणाले, "तुझी चढाओढ तुझ्याशीच." ते रोज माझे सेकंद मोजून फळ्यावर लिहू लागले. पहिल्या दिवशी ९ होते. मग त्यांनी युक्ती सांगितली. पकडणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही येते. आता मी हुलकावणी देते. काल फळ्यावर ४१ सेकंद लिहिले. आता दोन्ही तुकड्या मला बोलावतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राच्या! मुलांच्या संघानेही जिंकला.

आई-बाबांनो, आमचा सराव बघायला जरूर या.