सिक्युरिटी मॅनेजर गेला ते बरंच झालं

प्रिय मंदार,

जावा 24 मध्ये सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद केला म्हणून तू केवढा चिडलायस! मला विचारशील तर हे फार आधी व्हायला हवं होतं. ऑगस्ट 2012 मधला जावावरचा हल्ला आठव.

ब्राउझरमधलं ॲपलेट सँडबॉक्समध्ये चालायचं. त्याने फाइलला हात लावायचा नाही, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा नाही. धोक्याचं काम निघालं की सिक्युरिटी मॅनेजर कॉलची अख्खी साखळी तपासायचा आणि तीत एकही परका दिसला की नकार. कल्पना सुंदरच होती. पण जावाच्या स्वतःच्या लायब्ररीला अधूनमधून जादा अधिकार लागतात. त्यासाठी 'डू-प्रिव्हिलेज्ड' होतं; ते आलं की तपासणी तिथेच थांबायची.

त्या हल्ल्याचा कोड मी ओळ न् ओळ वाचलाय. जावा 7 च्या बीन्समधला क्लासफाइंडर विश्वासातला, म्हणून त्याच्याकरवी 'सनटूलकिट' हा ॲपलेटला मनाई असलेला क्लास मिळवला. त्यातली 'गेटफील्ड' मेथड कुठल्याही क्लासचं प्रायव्हेट फील्ड उघडून हातात द्यायची. मग एक 'स्टेटमेंट' ऑब्जेक्ट बनवला. त्याच्या आत 'एसीसी' नावाचं प्रायव्हेट फील्ड असतं, काम कुणाच्या अधिकारात चालणार ते ठरवणारं. तिथे सगळेच अधिकार भरले. आणि त्या स्टेटमेंटने करायचं काय, तर सिक्युरिटी मॅनेजरच्या जागी नल ठेवायचा. खेळ खलास! मेमरीशी झटापट नाही, बफर ओव्हरफ्लो नाही, निव्वळ जावा. त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे युक्ती तीच.

पोलंडच्या 'सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स'ने ही भोकं ओरॅकलला एप्रिलमध्येच कळवली होती. दुरुस्ती आली 30 ऑगस्टला, हल्ले सुरू झाल्यावर. याचा मला अजून राग येतो. जानेवारी 2013 मध्ये पुन्हा नवं भोक, आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने लोकांना ब्राउझरमधला जावा बंदच करायला सांगितलं.

तू म्हणशील, भोकं बुजवत राहायचं. पण बुजवणार किती? लायब्ररीत हजारो मेथड, त्यातली एक बेसावध राहिली की पहारेकरीच गायब, कारण तो बसलाय त्याच प्रोसेसमध्ये. 2021 मध्ये जावा 17 ने त्याला निरोपाची नोटीस दिली, तेव्हाच मला हायसं वाटलं होतं.

त्यापेक्षा तुमच्या ग्राहकांचे प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये काढ, कमीत कमी अधिकारांच्या युजरखाली, आणि पहारा ऑपरेटिंग सिस्टिमकडे दे. काम वाढेल, खरंय. कुठला प्लगिन कशाला हात लावतो त्याची यादी पाठव. रविवारी बसून दोघं बघू.

तुझी,
मेधा