वळणावरची काटकसर

दरमहा ठरावीक वेतनावर संसार चालविणाऱ्या माणसाने मोटारसायकलच्या शर्यतीत उतरावे की नाही, या प्रश्नाचा निवाडा आमच्या घरी वडिलांनी एका अटीवर केला: घरखर्चाच्या रकमेतील एक पैही या छंदाकडे वळवू नये, आणि कर्ज काढू नये. ती अट त्या वेळी मला जाचक वाटली खरी. परंतु शर्यतीविषयी मला जे काही कळले, त्यातील बहुतेक सारे त्या अटीनेच मला शिकविले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझे वाहन म्हणजे यामाहाची आरएक्स १००. अवघे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. याच गाडीवर मी सोमवार ते शनिवार कचेरीत जात असे, आणि शर्यत जवळ आली म्हणजे दिवे, आरसे, स्टँड उतरवून तिला मैदानासाठी सिद्ध करीत असे. १९९६ साली या गाडीचे उत्पादन थांबले, तेव्हापासून सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजाराच्या खेपा सुरू झाल्या. आणि जे तेथेही मिळेना, ते आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवर घडवून घ्यावे लागे. या उद्यमनगराचे ऋण मी विसरू शकत नाही. दिवसभर पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे भाग कातणारे तेथील मिस्त्री संध्याकाळी माझ्या क्लचच्या बुशसाठी थांबत, आणि मेहनताना विचारला तर पुढच्या महिन्यावर ढकलीत.

इंजिनाचा हिशेब मात्र कोणाच्या भिडेने सैल होणारा नव्हता. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर; तो झिजला, किंवा पिस्टन तापून अडकला आणि भिंतीवर ओरखडे उठले, म्हणजे बोअर पाव मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा पिस्टन बसवावयाचा. अशा चार पायऱ्या झाल्या, एक मिलिमीटर संपला, की नवे स्लीव्ह घालण्यावाचून गत्यंतर नाही. अर्थात प्रत्येक अतिरेकाची किंमत पाव मिलिमीटर. अनेकांनी पोर्ट कोरून, हेड घासून आपली इंजिने अधिक चपळ केली होती, आणि सरळ रस्त्यावर ती माझ्या पुढे निघूनही जात. पण त्या चपळाईचे मोल पिस्टन आणि रिंगांच्या रूपाने वारंवार चुकवावे लागते, ते मला परवडणारे नव्हते.

म्हणून जे थोडे द्रव्य हाती उरे, ते ब्रेकचे लायनर, टायर आणि हेल्मेट यांवर खर्च करण्याचा निर्णय मी केला. अंगावरचा चामडी पोशाख जुना घेतला. त्याच्या गुडघ्याची उसवलेली शिवण चपला करणाऱ्या एका कारागिराने दुहेरी टाक्यांनी अशी पक्की केली की मूळची शिवण तिच्यापुढे फिकी पडावी. टायरही मी सधन स्पर्धकांनी उतरविलेले घेत असे; ज्या बाजूची वळणे अधिक, त्या बाजूची कड झिजलेली असे, परंतु रबर मऊ असे. हेल्मेट तेवढे कोरे. त्याच्या आतील दाट फेसाचे अस्तर आघात सोसताना एकदाच दबते आणि पुन्हा मूळ रूपास येत नाही. वापरलेल्या हेल्मेटने पूर्वी काय सोसले आहे, हे वरच्या रंगावरून कळण्यास मार्ग नाही. या एका बाबतीत काटकसर करणाऱ्या तरुणांशी मी आजही वाद घालतो.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतीची धावपट्टी १९९० साली सुरू झाली. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. त्यापूर्वीच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानतळावर होत. इरुंगट्टुकोट्टईला जावयाचे तर पुण्याहून गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यातून न्यावयाची: टाकीतील पेट्रोल थेंबाथेंबाने काढावे, गोणपाटाने सर्वांग गुंडाळावे, नोंदणीच्या कागदाची प्रत जोडावी, पावती सांभाळावी, आणि सोलापूर, वाडी, गुंटकल करीत त्याच आगगाडीच्या दुसऱ्या वर्गातून आपण जावे. तेथे पोहोचल्यावर तांत्रिक तपासणी. तेल सोडण्याचा बोल्ट तारेने बांधला आहे ना, ब्रेक दोन्ही धरतात ना, हे पाहून झाले की, देहाला अपाय झाल्यास जबाबदारी सर्वस्वी माझी, अशा मुचलक्यावर सही.

सर्वांत स्वस्त वेग मला तेथे एका पितळी जेटने दिला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. तेथे अचूक बसविलेला कार्बोरेटर समुद्रकाठच्या दाट हवेत इंधन कमी पाजतो. पूर्ण थ्रॉटलवरून एकदम इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबावे आणि प्लग काढून पाहावा: चिनी मातीचा रंग चहासारखा तांबूस असेल तर मिश्रण योग्य, काळा तर पेट्रोल जास्त, पांढुरका तर पिस्टन धोक्यात. माझा पांढुरका निघाला. दोन मापे मोठा जेट घातला, आणि काही रुपयांत इंजिनाचे प्राण वाचले.

उरलेला वेग वळणांत शोधावयाचा होता. अकरा अश्वशक्तीच्या इंजिनाला वळणावर गमावलेला वेग परत मिळविण्यास पुढचा सारा सरळ रस्ता पुरत नाही, म्हणून तो गमवावयाचाच नाही, हे गणित उघड आहे; ते अंगी बाणणे दुष्कर. सरावाच्या प्रत्येक फेरीला पैसे पडतात, पायी चालण्याला पडत नाहीत. आदल्या संध्याकाळी मी पट्टीवरून चालत गेलो. ब्रेक कोठे सोडावयाचा, बाहेरच्या कडेवरून आत कोठे शिरावयाचे, कोठून थ्रॉटल उघडावयाचा, यासाठी डांबराचे ठिगळ, रंगविलेल्या कडेचा आरंभ, अशा स्थिर खुणा मनाशी पक्क्या केल्या. सकाळी नवशिक्यांच्या शर्यतीत, सरळ भागावर माझ्यापुढे गेलेल्या एका सुधारित इंजिनाच्या गाडीला मी दर फेरीस वळणांमध्ये गाठीत होतो, आणि अखेरच्या फेरीत तिच्या आतल्या बाजूने शिरलो तेव्हा माझा थ्रॉटल तिच्या आधी उघडलेला होता. क्रमांक मधलाच आला; त्या एका वळणाचा आनंद मात्र पारितोषिकाच्या तोडीचा होता.

परत आल्यावर मिस्त्रींनी सिलिंडर उघडून मापला. भिंत स्वच्छ होती. बोअर करण्याची गरज नव्हती. त्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून मी मागच्या चाकासाठी टायर घेतला, या खेपेस कोरा.