टॅपेटचा आवाज

आमच्या घरातली पहिली गाडी लुना. ती नगरचीच लेक. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्याने तिला 1972 पासून घरोघरी पोचवले. अब्बा तिच्यावर कपड्यांची गाठोडी बांधून आठवडी बाजार करायचे. तिचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्हच नाहीत. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरची भोके उघडतात, मिटतात. बिघाड झालाच तर प्लग पुसायचा. आम्हां दोघा भावांना तेवढी विद्या पुरेशी होती.

पुढे अब्बांनी जुनी सीडी 100 घेतली. हिरो होंडाची ही गाडी 1985 साली आली. फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोल कमी पिणारी. पण आमची गाडी टिकटिक वाजायची. गल्लीतली पोरे हसायची. रमजानचे दिवस होते. एका दुपारी अब्बांचा डोळा लागलेला पाहून आम्ही पाना घेतला.

मॅग्नेटवर ‘टी’ची खूण असते, ती जुळवून टॅपेट लावायचे, एवढे ऐकून ठाऊक होते. आम्ही ‘टी’ जुळवला, टॅपेट लावले, किक मारली. आवाज दुप्पट झाला आणि गाडीतला जोर गेला. मग घाबरून कानाच्या हिशेबाने टॅपेट आवळत गेलो. आवाज थांबला. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. अब्बा उठले, खूश झाले. आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते तिसगावच्या बाजाराला गेले. परतताना करंजी घाटाच्या चढणीला गाडीने दम तोडला. गाठोड्यांसकट ढकलत ते चढले. मगरिबची वेळ तिथेच झाली. एका अनोळखी टेम्पोवाल्याने दिलेल्या पाण्यावर त्यांनी रोजा सोडला. त्यानेच गाडी टेम्पोत घालून त्यांना नगरला आणले. अम्मी दारात उभी होती. दस्तरखान तसाच होता.

सकाळी मिस्त्रीचाचांनी झाकणे उघडली. चेकनटवरचे ओरखडे पाहून त्यांनी विचारले, “इसकू हात कौन लगाया?”

आम्ही खाली पाहिले. अब्बा म्हणाले, “मैंच लगाया.”

चाचांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि अब्बांनाच समजावू लागले. मॅग्नेट दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. म्हणून ‘टी’ दोनदा येतो. एकदा जळका धूर जाऊन नवे पेट्रोल येताना. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे असतात. तिथे टॅपेट लावले तर ते सैल पडतात. दुसऱ्यांदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही बंद. तोच खरा ‘टी’. ओळख सोपी: बोटाने हलवल्यावर दोन्ही रॉकर किंचित खेळले पाहिजेत. नाही खेळले तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचा. मग थंड इंजिनावर 0.05 मिलिमीटरची फट, वहीच्या कागदाहूनही कमी. फिलर गेजची पाती जरा अडत सरकली पाहिजे. शेवटी स्क्रू धरून ठेवून चेकनट आवळायचा आणि फट पुन्हा मोजायची, कारण आवळताना ती बदलते.

“सैल टॅपेट आवाज करतंय, मालकाला कळतंय,” चाचा म्हणाले. “जास्त कसलेलं गप बसतंय. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, सीटवर पुरता बसत नाही. फट राहते, तिथून आग जाते. एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह आतल्या आत जळतो, कुणाला पत्ता नाही.”

हेड उतरवावे लागले. नवा व्हॉल्व्ह आला. ईदच्या कपड्यांचे पैसे त्यात गेले. अब्बांनी ना तेव्हा विचारले, ना नंतर. त्या सकाळी खरे बोलायला एक शब्द पुरला असता. तो आमच्या तोंडून निघाला नाही.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या हयातीत ते राहूनच गेले. शहराचे नाव अहिल्यानगर झाले. गाडी अजून आहे. रात्रभर इंजिन थंड झालेले असते म्हणून टॅपेट आम्ही फजरच्या नमाजनंतर पाहतो. एक जण मॅग्नेट फिरवतो, दुसरा रॉकरवर बोट ठेवतो. झाकणे लावून किक मारली की बारीक टिकटिक येते. ती आम्ही राहू देतो.