वकीलसाहेबांचं देणं

वकीलसाहेबांनी दादाला सोडवलं, असं गावात अजून बोललं जातं. साहेबांना ते कधीच रुचलं नाही. “सोडवलं नाही. जेवढं केलं होतं, तेवढ्यावर आणून ठेवलं,” असं ते म्हणत. त्यांची फी उसाच्या बिलातून हप्त्याहप्त्याने फिटली. पण ‘तेवढ्यावर आणणं’ म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या घराला शिकवलं, ते देणं फिटलेलं नाही.

भांडण बांधाचं. आमच्या सातारा जिल्ह्यात भाऊबंदांना भांडायला एवढं पुरतं. 2011 साली पावसाच्या तोंडावर नांगरट करताना तात्यांनी, म्हणजे आमच्या सख्ख्या चुलत्यांनी, बांध कोरला. शिवीगाळ झाली आणि दादाने हातातल्या खोऱ्याचा दांडा चालवला. तात्यांच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ असे शब्द आले आणि भारतीय दंड संहितेचं कलम 307 लागलं. खुनाचा प्रयत्न. 10 वर्षांपर्यंत कैद, इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र.

आबा आधी धावले ते पुढाऱ्यांकडे. प्रकरण वरच्यावर मिटेल अशी त्यांना आशा होती. वकिलाकडे जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असंच आमच्याकडे सगळे समजत. मामाने आबांना जवळजवळ ओढत साहेबांकडे नेलं.

रिमांडला दादाला कोर्टात आणलं, तेव्हा साहेबांनी व्हरांड्यातच त्याला गाठलं. पहिला प्रश्न विचारला, “मारहाण झाली का कोठडीत?” मग म्हणाले, “माझ्याशी खोटं बोलू नका. तुम्ही मला जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील, कायदाच तसा आहे. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, तेव्हा घाबरून काहीबाही बोलू नका.” दादा म्हणाला, “मारलं साहेब. पर जीव घ्यायचं मनात नव्हतं.” त्या दिवशी तो अटकेनंतर पहिल्यांदा कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला.

पुढे जामीन झाला. दोषारोपपत्र आलं तेव्हा आम्ही ते बघूनच गळाठलो. एवढा कागद आपल्याविरुद्ध आहे म्हणजे संपलंच, असं आईला वाटलं. साहेबांनी ते गठ्ठ्यातून सोडवून टेबलावर मांडलं आणि मला पेन्सिल दिली. “वाचा. आरोप हा सरकार पक्षाचा दावा आहे, निकाल नव्हे. त्यातली एकेक गोष्ट त्यांनी सिद्ध करायची आहे.” फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जखमेचा दाखला अशी त्यांनी क्रमाने वाट दाखवली. दाखल्यापाशी आल्यावर थांबवलं. डाव्या मनगटाच्या वर एकच जखम, हाडाला मोड. डोकं, मान, छाती, पोट यांपैकी कशालाही ओरखडा नाही. साक्षीदारांच्या जबाबातही दांडा एकदाच बसल्याचं होतं. “307 ला हेतू लागतो. खून करायला निघालेला माणूस हातावर एक दांडा मारून थांबेल का, एवढंच मी न्यायाधीशांना विचारणार आहे.” हाड मोडणं ही कायद्याने जबर दुखापतच, ती ते नाकारणार नव्हते. तिचं कलम 325. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र, आणि कोर्टाच्या परवानगीने जखमी माणसाला तडजोड करता येते. 307 मध्ये तशी तडजोड नाही. चुलत्या-पुतण्यांना पुन्हा एका ओट्यावर बसायची वाट या दोन आकड्यांच्या मधून जात होती.

“खरंच मारलंय, तर त्याला वकील कशाला?” असं भावकीतल्या एकाने मला तोंडावर विचारलं होतं. मी ते साहेबांना सांगितलं. त्यांना राग आला नाही, पण त्या दिवशी ते बराच वेळ बोलले. कसाबलाही या देशाने वकील दिला होता, आणि त्याच खटल्याच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर दंडाधिकाऱ्यांनी त्याला वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे, त्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील दिला पाहिजे. ज्याने खरंच काही केलंय, त्याला वकिलाची गरज जास्त, असं ते म्हणाले. निर्दोष माणसाचा बचाव सगळ्यांना समजतो. केलेल्यापेक्षा जास्तीची शिक्षा कुणाला होऊ नये, हे समजायला मला आमच्याच घरातलं उदाहरण लागलं.

आरोप ठेवण्याच्या टप्प्यावरच सत्र न्यायालयाने 307 काढलं आणि 325 खाली खटला खालच्या कोर्टात पाठवला. तडजोडीसाठी मात्र साहेबांनी आबांवर अट घातली. आधी दादाने तात्यांच्या घरी जाऊन माफी मागायची आणि दवाखान्याचा खर्च द्यायचा, मगच अर्ज. दादा गेला. तात्या लगेच तयार झाले नाहीत. काकूंनी तर त्याला दारातून परत पाठवलं. त्यांचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. हात त्यांच्या माणसाचा मोडला होता. अर्जावर तात्यांची सही व्हायला पुढचा गळीत हंगाम उजाडला.

1 जुलै 2024 पासून संहिता बदलली. 307 चं आता 109 झालं, 325 ची शिक्षा 117 मध्ये गेली. साहेब ते बघायला राहिले नाहीत. गावात कुणाला अटक झाली की लोक माझ्याकडे येतात. मी वकील नाही, हे आधी सांगतो. मग सांगतो की फिर्यादीची प्रत मागा, कलमं कुठली लागलीत ते वाचा, आणि पुढाऱ्याच्या दारात दिवस घालवू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो, बायकांनाही मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. माझं ऐकून परवा एक म्हातारे तिथे गेले, मुलाला वकील मिळाला, आणि परत येताना ते माझे आभार मानायला लागले. मी त्यांना साहेबांचं नाव सांगितलं.