चुलीपाशी उतरलेली श्रद्धा

धर्मांतराची कथा सांगण्याची एक रूढ रीत आहे. साधक शंकांनी ग्रासला जातो, ग्रंथ धुंडाळतो, विद्वानांशी वाद घालतो आणि अखेर एखाद्या क्षणी त्याच्या मनाचा निश्चय होतो. संत ऑगस्टीनच्या बाबतीत तो क्षण मिलानमधील एका बागेत आला. मराठीत बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’तही अशाच अंतःशोधाची वाट दिसते. या परंपरेची ओळख असलेला अभ्यासक जेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे वळतो, तेव्हा तो काहीसा चकित होतो. येथे श्रद्धेची सारी उलथापालथ स्वयंपाकघरात घडते.

हे स्वयंपाकघर साधे नव्हते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याने जे पछाडले, ते कायमचे. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही, हा दंडक. त्याचा जाच सोसावा लागला तो घरातील बायकामुलांना. शुद्धतेचे शास्त्र पुरुषाने सांगावे आणि त्याचे पाणी बाईने भरावे, हा अनुभव लक्ष्मीबाईंनी बालपणीच घेतला होता. तरीही तो संस्कार त्यांच्या अंगी मुरला होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) परिसरातील त्या संसारात एका छपराखाली दोन आचार नांदत होते. टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही. ख्रिस्ती जीवनाची त्यांची पहिली कसोटी प्रवचनात लागली नसून या संयमात लागली, असे म्हणता येईल.

मग लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला प्रश्न घातला: जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळताच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात बदलला, नंतर नाव बदलले. ख्रिस्ताला पंगतीत कोण बसले आहे याचा विटाळ नव्हता, ही गोष्ट त्यांना आधी पाण्याच्या भांड्यापाशी उमगली आणि धर्मतत्त्व म्हणून मागाहून पटली.

पण आचरणात उतरलेली श्रद्धा फुकट मिळत नाही. तिची किंमत घरातले कोणीतरी मोजत असते. टिळकांचा हात सढळ. आलेला पैसा गरजवंताकडे जाई, आणि निराधार मुलांना, पाहुण्यांना घराचे दार उघडे असे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडून संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सामावणाऱ्या ‘देवाच्या दरबारा’चे स्वप्न मांडले. स्वप्न उदात्त खरेच. परंतु संन्याशाच्या घरीही सांजेला चूल पेटवावीच लागते. औदार्य कवीचे आणि ओढाताण गृहिणीची, अशी ही वाटणी होती.

‘स्मृतिचित्रां’चे मोठेपण असे की, त्यात या वाटणीची तक्रार नाही आणि तिचा उदोउदोही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या विक्षिप्तपणाला हसतात, स्वतःच्या अडाणीपणाला तर त्याहून मोकळेपणाने हसतात. हे हसणे क्षमेच्या फार जवळचे आहे. उपदेश टाळूनही क्षमा कशी दिसते, हे तेथे कळते.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे टिळक म्हणत. १९१९ साली ते गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. पतीचा विश्वास त्यांनी एकदा वेगळ्या चुलीआडून पाहिला होता. तोच आता त्यांच्या लेखणीचा विषय झाला.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तारीख असते, नाव असते. त्या तारखेआधी स्वयंपाकघरात काय घडले, कोणाच्या हातचे पाणी प्रथम ओठाला लागले, यासाठी तेथे रकाना नसतो. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाने तो रकाना भरून ठेवला आहे. भारतीय साहित्यांतील धर्मानुभवाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने नोंदवहीबरोबर तोही वाचावा.