दुकान वाढवताना

दुकान 'बंद केले' म्हणू नये, 'वाढवले' म्हणावे, असा काचीगुड्यातील आमच्या घरचा दंडक होता. थांबणे हेही काम असून ते रीतीने व्हावे, हा त्यातील अर्थ आम्हांस उमगला तो मात्र नोकरीत, संगणकापुढे.

राज्य शासनाच्या ज्या कार्यालयात आम्ही होतो, तेथे युनिक्स संगणकावर दोन प्रोग्राम चालत. एक अर्ज नोंदवी, दुसरा पावती काढी. दोघांतील निरोपांची देवघेव 'सॉकेट' व 'मेसेज क्यू' या वाटांनी होई. एके सकाळी पावतीचा प्रोग्राम सुरूच होईना. 'पत्ता आधीच वापरात आहे', एवढाच इंग्रजी संदेश पडद्यावर दिसे. खिडकीबाहेर लोकांची रांग वाढत होती.

एका तरुण अभियंत्याने उलगडा केला. साध्या 'पाइप'ची टोके सुटली की ती आपोआप नाहीशी होते. युनिक्स सॉकेटची फाइल मात्र प्रोग्राम गेला तरी डिस्कवर उरते आणि नव्या प्रोग्रामला ते नाव मिळू देत नाही. सिस्टिम व्ही पद्धतीची क्यू तर कोणी काढून टाकीपर्यंत अथवा संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत, न वाचलेल्या निरोपांसह तशीच राहते. आदल्या रात्री कोणी घाईने ९ क्रमांकाचा 'किल' संकेत दिला होता. १५ क्रमांकाचा संकेत म्हणजे नोटीस. तशी तजवीज लिहिलेली असल्यास प्रोग्राम हातचे काम संपवून, वाटा आवरून जातो. ९ क्रमांकात तेवढी उसंतच नाही.

जुना प्रोग्राम खरोखरच संपला आहे, याची त्याने आधी खात्री केली. "चालू असलेल्याची फाइल पुसली तर नवा घोटाळा होईल, सर," तो म्हणाला. मग फाइल काढली. क्यू मात्र त्याने लगेच पुसली नाही; तीत अडकलेले अर्ज वाचून घेतले, त्यांच्या पावत्या निघाल्या.

पुढे आमचे थोरले बंधू एकाएकी गेले. विजेचे बिल, बँकेची पत्रे, वाचनालयाची वर्गणी, सारे त्यांच्याच नावे येत राहिले. मृत्यूचा दाखला घेऊन वहिनींना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. त्यांच्या फोनवर एक न वाचलेला निरोप होता. तो आमचाच होता : 'दादा, रविवारी येतो.'

हल्ली आम्ही एक वही घातली आहे. खाती, वारसांची नावे, कोणाला काय कळवायचे, ते तीत लिहितो. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "अहो, हे काय आरंभले आहे?"

"दुकान वाढवायला शिकतो आहोत," आम्ही म्हणालो. त्यांनी वही मागून घेतली आणि आपलेही एक खाते तीत लिहिले.