कचारगडचं आजोळ

मित्रांनो, डोंगरातल्या देवाला तुम्ही कधी गेला आहात? गेला असाल, तर तिथे पोचल्यावर सगळ्यांत आधी काय केलंत? खरं सांगा हं! मी काय केलं होतं, ते आज तुम्हांला सांगतो.

मी तेव्हा सातवीत होतो. आमचा भाग त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. दाट जंगल, उंच डोंगर आणि डोंगराच्या पोटात भल्यामोठ्या गुहा! माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. माझा वर्गमित्र गोंड. त्याच्या घरचे निघाले, तसा मीही आईच्या मागे लागून त्यांच्याबरोबर निघालो.

गोंदियाहून पॅसेंजर गाडीने दरेकसाला उतरलो आणि पायी चालू लागलो. वाटेत सगळे एकमेकांना 'जय सेवा' म्हणत होते. कुणी मध्य प्रदेशातून आलेलं, कुणी आंध्रातून. मला मात्र ही सहलच वाटत होती! खिशात चणे-फुटाणे, तोंडाने बडबड.

चढून चढून पाय भरून आले आणि एकदम गुहेचं तोंड समोर आलं. केवढं मोठं! आत गारवा. मी काय करावं? दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात "ओऽऽ" केलं. आवाज घुमला. मला इतकी मजा वाटली, की पुन्हा ओरडलो.

तेवढ्यात माझ्या मित्राकडे लक्ष गेलं. तो मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याची आजी डोळे मिटून, हात जोडून उभी. तिने डोळे उघडले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "का गा बाबू, आजोळी गेल्यावर असाच ओरडतोस का?"

मग तिथेच बसून तिने गोष्ट सांगितली. फार पूर्वी या गुहेत तेहेतीस मुलं कोंडली गेली होती. तोंडावर प्रचंड शिळा. जंगो रायताडने त्या मुलांची काळजी वाहिली. पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला झटला. हिरासुकाने किंगरी वाजवली. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. पण ती हिरासुकावरच कोसळली आणि तो गेला. पुढे लिंगोने या मुलांना शिकवलं आणि त्यांच्यापासून गोंडांची कुळं पसरली.

"आमी सगळे इथूनच निघालो," आजी म्हणाली.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जिथे गंमत म्हणून ओरडलो, तिथे कुणीतरी दुसऱ्यांच्या मुलांसाठी जीव दिला होता! मी मित्राला म्हटलं, "चुकलो रे." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला, "चणे आहेत का?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मी पुष्कळ फिरलो. प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाला गेलो, वैनगंगेच्या काठावरची देवळंही पाहिली. कुठेही गेलो, की आत शिरण्याआधी मनात विचारतो, हे कुणाचं आजोळ बरं?

तुम्हीही विचारून बघा. आणि हो, फुटाण्याचा रिकामा पुडा खिशातच ठेवा बरं का!